दिसत नाहीत, बरे झाले वाटतं

पेशंटनं डॉक्टर सोडला हे सगळ्यात आधी कुणाला कळत असेल तर ते मेडिकलवाल्याला. बायकोला नंतर कळतं, आणि खुद्द डॉक्टरला तर बऱ्याचदा कळतच नाही. आमचं निपाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावात, मेडिकल आहे, वडलांच्या वेळचं, त्यामुळं गावातल्या निम्म्या लोकांच्या चिठ्ठ्या माझ्या हाताखालनं जातात. माणूस वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरची चिठ्ठी आणत असतो आणि मग कधीतरी वरचं नाव बदलतं, कोल्हापूरचं येतं, मिरजेचं येतं, गडहिंग्लजचं येतं. कधी चिठ्ठीच येत नाही, नुसती रिकामी स्ट्रिप येते आणि "ह्यातल्या दहा द्या" एवढंच. पुढच्या वेळी दहाच्या पाच होतात, मी कात्रीनं स्ट्रिप कापून देतो, आणि मग तेही बंद. तेव्हा समजायचं, गडी सुटला.

आमच्या भागातले एक डॉक्टर रात्री घरी जाताना कधी कधी दुकानासमोर गाडी थांबवतात, पाच मिनिटं बोलतात, चांगला माणूस आहे, नाव कशाला घेऊ. मध्ये एकदा म्हणाले, "अहो ते तात्या हल्ली दिसत नाहीत, बरे झाले वाटतं." आता तात्यांना बीपी आणि शुगर दोन्ही. बीपी असा बरा होऊन जातो होय? हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी पण न आलेला पेशंट म्हणजे बरा झालेला पेशंट असं त्यांनी धरून टाकलं, आणि मला वाटतं बहुतेक दवाखाने असंच धरतात, कारण तसं धरलं की रात्री झोप चांगली लागते. मी गप्प बसलो. त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं दुकान चालतं, मी काय बोलणार.

तात्या बरे झाले नव्हते, तात्या रुसले होते.

ते आधी तंबाखूच्या वखारीत हिशोबाला होते, आता रिटायर. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला जमेल तसं पंढरपूर. झालं काय की त्यांचे पाय सुजायला लागले, घोट्याजवळ, संध्याकाळी चप्पल रुतायची. ते दाखवायला गेले तर डॉक्टर कुठल्या तरी रिपोर्टमध्ये डोकं घालून बसले होते, मान वर न करता म्हणाले वय झालंय, होतं असं. आणि मग लगेच विचारलं, पिता का? आत केबिनमध्ये पुढचे दोन नंबर आधीच आणून बसवलेले, म्हणजे चार लोकांच्या देखत. तात्या न्हाई म्हणाले तर डॉक्टर नुसते हसले. ते हसणं तात्यांनी मला तीन-चार वेळा तरी करून दाखवलंय, अगदी ओठाचा एक कोपरा वर करून. "माळकरी माणसाला चारचौघांत इचारतोय, पिता काय म्हणून. इचार बाबा, तुझं कामच हाय. पण न्हाई म्हटल्यावर हसतोस कशाला?"

विचारणं चुकीचं नव्हतंच. पाय सुजले की लिव्हरचा विचार करायचा, दारूचं विचारायचं, हे डॉक्टरचं कामच आहे, आणि हे तात्यांनाही मान्य आहे, बघा त्यांचं वाक्य. पण जास्त साधी गोष्ट चिठ्ठीवरच लिहिलेली होती. त्यांना चालू असलेली गोळी अ‍ॅम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅमची, आणि ह्या गोळीनं घोट्याला सूज येऊ शकते हे तिच्या कागदावरच छापलेलं असतं, डोस जास्त असला की जास्त येते. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, काही आभाळ कोसळत नाही. पण तसं कुणी सांगितलं नाही, म्हणून तात्यांनी त्यांच्या हिशोबानं हिशोब केला, गोळी सुरू झाली आणि पाय सुजले म्हणजे गोळी वाईट. गोळी बंद केली, सूज उतरली. झालं, सिद्धच झालं की! डॉक्टर खोटा, गोळी खोटी. आणि बीपीचं असं आहे की वाढलेला कळत नाही, दुखत नाही खुपत नाही, त्यामुळं माणसाला वाटतं आपण बेस्ट आहोत.

काउंटरवर हे रोज बघतो. एनालाप्रिल नाहीतर रामिप्रिल चालू केलं की काही जणांना कोरडा खोकला लागतो, मग ते खोकल्याचं सिरप न्यायला येतात, एक बाटली, दुसरी बाटली, आणि शेवटी सगळंच सोडतात. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतली तर पुष्कळ फरक पडतो, पण "जेवणाबरोबर" हे चिठ्ठीवर असतं ते इंग्लिशमधल्या दोन अक्षरांत आणि सांगायचं काम असतं ते माझं, आणि माझ्यासमोर तेव्हा सहा माणसं हात पुढं करून उभी असतात. म्हणजे सांगायला डॉक्टरला वेळ नाही आणि मलाही नाही, आणि घरी जाऊन पोट बिघडलेला माणूस काय ठरवणार, तर हे औषध मला मानवत नाही. दोघांपैकी कुणाला सांगायला तो परत येत नाही.

परत येऊन सांगत का नाहीत, ह्याचं उत्तर आमच्या भागात सोपं आहे. गाव केवढं आणि डॉक्टर किती! कुठल्या तरी रात्री दोन वाजता पोरगं तापानं फणफणलं की त्याच दाराची बेल वाजवायची असते. तात्यांना मी म्हटलं होतं, जाऊन सांगा की सरळ, पाय गोळीनं सुजतात का बघा म्हणावं. तर म्हणाले, "कशाला वंगाळ व्हायचं? परत त्याच दारात जायला लागतंय." म्हणजे बघा, डॉक्टर सोडायचा पण तोंडदेखला सोडायचा नाही, लग्नात भेटला की नमस्कार करायचा, कसं काय साहेब, आणि मनात मात्र ठरवून टाकायचं की आपल्याच्यानं ह्याची पायरी चढणं होणार नाही. जे आरडाओरडा करतात, काचा फोडतात, त्यांच्या बातम्या होतात आणि ते निषेधाला पात्रच आहेत, पण नाराज पेशंट म्हणजे तो नव्हे. खरा नाराज पेशंट फार सभ्य असतो. पैसे चुकते करतो, औषध घेतो, आणि जातो.

आणि माणूस डॉक्टरला मापतो कशावर? केनेथ अ‍ॅरो म्हणून अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं, त्यामुळं सगळा धंदा विश्वासावर चालतो. तंबाखू घेताना व्यापारी पान हातात घेतो, वास घेतो, चुरगाळून बघतो आणि भाव सांगतो, डॉक्टरच्या निदानाला असं चुरगाळून बघता येत नाही. मग पेशंट जे बघता येतं ते बघतो. हात लावला का. माझं ऐकून घेतलं का. बाहेरची पोरगी कशी बोलली. किती पैसे होणार ते आधी सांगितलं का. ह्या चार गोष्टींवर तो बाकी सगळ्याचा अंदाज बांधतो आणि डॉक्टर लोक चिडतात की अरे मी एमडी आहे, ह्यांना माझं ज्ञान दिसत नाही. दिसणार कसं साहेब?

तात्यांचंच पुढं सांगतो. एक दिवस चक्कर आली, पोरगा घाबरला आणि गाडी करून कोल्हापूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं खाली वाकून घोट्यावर अंगठा दाबला, अजून खड्डा पडतो का बघितलं, आधीच्या गोळ्या बघितल्या, म्हणाला तात्या ती सूज गोळीची असणार, आपण बदलूया. गोळी बदलली. एवढंच. तीच तपासणी, तसंच मशीन, बीपीचंच दुसरं औषध, फी जास्त, वर जाण्यायेण्यात दिवस मोडला. तात्या इतके खुश की चार लोकांना कोल्हापूरचा पत्ता देऊन बसलेत. तो डॉक्टर इथल्यापेक्षा हुशार आहे का? मला तसं वाटत नाही. इथला जर त्या दिवशी खुर्चीवरनं उठला असता तर त्यालाही तेच कळलं असतं.

पण उठायला वेळ लागतो. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल अशा दोघांनी डॉक्टर-पेशंटची बोलणी टेप करून मोजली, तर पेशंटनं तोंड उघडल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. ही अमेरिकेतली गोष्ट. २०१७ मध्ये ६७ देशांची आकडेवारी एकत्र केलेला एक अभ्यास आला, त्यात एका पेशंटला मिळणारा वेळ स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं आणि बांगलादेशात ४८ सेकंद. आपण कुठं बसतो ते संध्याकाळी सात वाजता निपाणीतल्या कुठल्याही चालत्या ओपीडीच्या बाहेर चपला मोजल्या की समजतं. मी डॉक्टरांना दोष देऊन मोकळा होत नाही. पन्नासावा पेशंट बघताना पहिल्यासारखं तोंड हसरं ठेवणं मला तर दुकानात जमत नाही, आणि माझ्या चुकीनं कुणाच्या जिवावर येईल असं काम माझ्याकडं त्यांच्यापेक्षा कमीच.

सरकारी दवाखान्याचं आणखी वेगळं. देशभरात जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे होतो त्यात घरोघरी विचारतात की आजारी पडल्यावर सरकारी दवाखान्यात जाता का. २०१५-१६ मध्ये सुमारे ५५ टक्के घरांनी सांगितलं आम्ही साधारणपणे जात नाही, २०१९-२१ मध्ये हा आकडा ५० वर आला, म्हणजे सुधारणा झाली असं म्हणायचं, पण अजून निम्मी घरं बाहेरच. कारणं काय सांगतात तर दर्जा बरोबर नाही, वाट फार बघावी लागते, जवळ दवाखाना नाही. ह्यातलं जवळ नाही हे कारण मी समजू शकतो, त्याला इमारत बांधली की झालं. पहिल्या दोन कारणांना इमारत बांधून भागत नाही.

आता आमची भौगोलिक गंमत. जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव, पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर चाळीस. हायवे एकच, इकडं वळायचं की तिकडं एवढाच प्रश्न. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या गाडीत बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं आणि बेळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंत फुकट जायचं. तरीपण आमच्या गल्लीतल्या बायका तिकीट काढून कोल्हापूरला जातात. अंतर कमी हे एक आहेच, पाहुणे तिकडं असतात, डबा आणायला कुणीतरी असतं, हेही आहे. पण त्यातल्या कितीतरी जणी आधी बेळगावला जाऊन आलेल्या असतात. आणि तिकडनं चिक्कोडी, अथणी, कागवाडकडच्या लोकांचं तोंड मिरजेकडं, तिथं तर डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढल्यापासून मिरज म्हणजे दुखण्याचं माहेरघर झालंय, कुडची, उगार, शेडबाळचा माणूस रेल्वेत बसतो आणि मिरजेला उतरतो, पिढ्यानपिढ्या. खानापूरकडचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात जायचे, तिथं २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना फी लागू झाली, तेव्हापासून त्यांचं गणित बदललं.

एवढे दरवाजे आहेत म्हणून आमच्याकडं कुणी भांडत बसत नाही असं मला कधी कधी वाटतं. दुसरीकडं जायला रस्ता असला की माणूस तक्रार करण्यात वेळ घालवत नाही, रस्ता धरतो. हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हेच मांडलंय, की एखादी संस्था बिघडायला लागली की लोकांपुढं दोनच वाटा, बोलायचं नाहीतर बाहेर पडायचं, आणि बाहेर पडणं ज्यांना परवडतं ते आधी जातात, म्हणजे नेमके तेच लोक जे राहिले असते तर आवाज करू शकले असते. शिकलेला, चार ओळखी असलेला, गाडीवाला माणूस निघून जातो. मागं राहतात त्यांच्या बोलण्याला किंमत नाही.

सीमेचं भांडण ह्यात मध्ये येतं ते वेगळंच. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, पेपरात रोज बातम्या. इकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड. दुकानात लोक मला विचारायचे, दादा हे कार्ड तिकडं चालतंय का, ते कार्ड इकडं चालतंय का, जसं काही मीच आरोग्यमंत्री. मी म्हणायचो त्या दवाखान्यात फोन करून विचारा. फोन कोण उचलतंय? शेवटी माणूस कार्ड खिशात ठेवतो आणि दागिना मोडतो.

भाषेचं भांडवल मला करायचं नाही. निपाणीत सगळ्यांनाच दोन्हीकडचं थोडं थोडं येतं, आणि मराठीत बोलणारे कन्नड डॉक्टर, सिस्टर मी भरपूर बघितलेत, माझे काही तर रोजचे दोस्त आहेत. पण एखाद्या म्हातारीला बाजार करण्यापुरतं कन्नड येतं आणि अंगावरून जातंय हे सांगण्यापुरतं येत नाही, आणि समोर नवीन बदलून आलेला लांबचा पोरगा डॉक्टर, त्याला घाई, तिला लाज, मध्ये दुभाषी म्हणून उभा तिचाच नातू. ती काय सांगणार त्याच्यासमोर? म्हणते कंबर दुखती. कंबरेच्या गोळ्या घेऊन येते. गुण येत नाही, येणारच नाही, आणि मग ती ठरवते की ह्या दवाखान्यात काय राम नाही. दवाखान्याच्या वहीत नोंद असते, कंबरदुखी, औषध दिलं.

बायकांबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण पुरुष डॉक्टर बदलतात आणि बायका डॉक्टर बंद करतात, निदान माझ्या काउंटरवर तरी तसं दिसतं. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बायका खूप. हजार विड्यांवर मजुरी, म्हणजे मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं की त्या वेळची मजुरी गेली. एक ताई यायच्या, खोकला, दम, बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. त्या सकाळी पाने भिजवून ठेवून सरकारी दवाखान्यात नंबराला गेल्या, केस पेपर काढला, उभ्या राहिल्या, दुपार झाली तेव्हा खिडकीतनं सांगितलं की एक्स-रेवाला आज नाही, उद्या या. सांगणाऱ्यानं सहज सांगितलं. त्याला वाटलं एक दिवस. ताईंना तो दुसरा दिवस होता, कारण पहिला आजच बुडाला. मला म्हणाल्या, "जाऊंदे तिकडं, तुम्हीच काय तर द्या." मी सिरप दिलं नाही, टीबीची तपासणी करून घ्या म्हणून आमच्या भागातल्या आशा वर्करचा नंबर दिला, तर त्या माझ्यावरच रागावल्या आणि पलीकडच्या दुकानातनं सिरप घेतलं. झालं ना, मीही एक गिऱ्हाईक गमावलं, तेही न भांडता.

टीबीवरनं आठवलं. हा आजार असा आहे की औषध सोडलं तर सरकार शोधत घरी येतं. सहा महिन्यांचा कोर्स, मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तेच चार लोकांना लागतात, म्हणून नाव रजिस्टरला चढतं, २०१८ पासून खात्यावर महिन्याला पाचशे रुपये पोषणासाठी, आता ते हजार केलेत, आणि गोळ्या न्यायला आला नाही तर कुणीतरी दारात उभं राहून विचारतं, काय झालं, का आला नाहीस? बीपीवाल्याला हे कुणी विचारत नाही. त्यानं गोळी सोडली तर लकवा त्यालाच मारणार, शेजाऱ्याला लागत नाही, म्हणून त्याचं तो बघेल. नाही म्हणायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' म्हणून एक सोय काढली, दवाखान्यात जाऊन आलेल्या पेशंटला मेसेज येतो, तुमचा अनुभव कसा होता. चांगलीच गोष्ट आहे. पण मेसेज येणार तो गेलेल्याला. जो सहा महिन्यांपासून गेलाच नाही त्याला विचारणारा मेसेज अजून निघायचाय, आणि ह्या अशा सर्व्हेंत लोक खुश दिसतात ह्याचं मला नवल वाटत नाही, नाखुश होते ते आधीच घरी बसलेत ना.

तक्रारीला जागाच नाही असंही नाही, कायदे आहेत. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार आहेत ती सेवा त्यातनं वगळली, म्हणजे पैसे भरलेत तर ग्राहक, नाही भरले तर तुम्ही कोण? विडीवाल्या ताई कुठल्या ग्राहक कोर्टात जाणार. खासगी दवाखान्यांसाठी कर्नाटकात २००७ चा कायदा आहे, त्यात २०१७ मध्ये दुरुस्ती आणली तेव्हा केवढा दंगा झाला होता! नोव्हेंबरात बेळगावला अधिवेशन चालू, सुवर्ण विधानसौधच्या बाहेर राज्यभरातनं आलेले डॉक्टर, ओपीडी बंद, त्या दिवसांत माझ्या दुकानात लोक रडकुंडीला आले होते. शेवटी जे काही कमीजास्त होऊन पास झालं त्यात दरपत्रक लावायचं, पेशंटच्या हक्कांची सनद मानायची, बिलासाठी मयत अडवून ठेवायची नाही, आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती, डीसींच्या म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. वाचायला छान आहे. आता निपाणीतला माणूस जास्तीच्या बाराशे रुपयांच्या बिलासाठी दिवस मोडून डीसी ऑफिसला जाईल का? त्यापेक्षा तो पुढच्या वेळी कोल्हापूरला जाईल.

बिलाचं पण लोक म्हणतात तसं नसतं. जास्त पैसे घेतले म्हणून सोडणारे कमी, न सांगता घेतले म्हणून सोडणारे जास्त. आधी आठ हजार सांगा, माणूस आठ हजार घेऊन येतो, कुठनं आणतो ते त्याला माहीत. पण आधी पाच म्हणायचं आणि डिस्चार्जला अकरा करायचे, वर विचारल्यावर काउंटरवरच्यानं "ते सरांना विचारा" आणि सरांनी "ते काउंटरला विचारा", मग माणसाला वाटतं आपल्याला येडं समजतायत. टेस्टचंही तसंच. रक्त कशाला तपासायचं ते एका वाक्यात सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, नाही सांगितलं की लगेच 'कट असणार' हा संशय, आणि कट कुठंच नसतो असं मी ह्या धंद्यात राहून म्हणू शकत नाही, त्यामुळं तो विषय इथंच सोडतो.

सोडलेले जातात कुठं? ज्यांना जमतं ते सीमेपलीकडं. काही जण झाडपाल्याकडं, कावीळ झाली की आमच्याकडं अजून नाकात रस घालणारे आहेत आणि त्यांच्याकडं मोटारीतनं येणारेही आहेत. काही जण देवाकडं. ते देवाकडं अडाणी म्हणून जातात असं शहरातल्या लोकांना वाटतं. मला वाटतं तिथं निदान शेजारी बसवून काय होतंय ते पूर्ण ऐकून घेतात. आणि बरेच जण कुठंच नाही. हे कुठंच नाहीवाले कुठल्या आकड्यात येतात? २०१८ मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा हिशोब आला होता, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या १३७ देशांचा, की उपचारांनी टाळता आले असते असे वर्षाला साधारण ८६ लाख मृत्यू, त्यातले ३६ लाख दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत म्हणून आणि ५० लाख पोचूनसुद्धा, उपचारच नीट मिळाले नाहीत म्हणून. भारताचे त्या पन्नासातले सोळा लाख. मी हा आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं उलटं छापलंय. पोचले नाहीत ते जास्त असायला पाहिजेत ना? मग विचार केला, जे पोचले नाहीत त्यांच्यातलेही काही आधी कधीतरी पोचून आलेलेच असणार, तात्यांसारखे, त्या ताईंसारखे.

आमच्या इथं एका तरुण फिजिशियननं गेल्या वर्षी एक साधी गोष्ट चालू केली. ज्यांची बीपी-शुगरची तारीख उलटून गेलीय त्यांना रिसेप्शनवरची पोरगी फोन करते. सुरुवातीला लोक दचकायचे, पहिला प्रश्न "काय बिल ऱ्हायलंय काय माझं?" दवाखान्यातनं फोन आला म्हणजे पैसेच मागणार, एवढा आपला अनुभव दांडगा. नाही काका, सरांनी तब्येत विचारलीय म्हटलं की पलीकडं जरा वेळ शांत, आणि मग धरण फुटल्यासारखं. गोळीनं तोंड कोरडं पडतंय. सून नेत नाही. गेल्या खेपेला दोन तास बसवलं आणि मागनं आलेल्या सावकाराला आधी आत घेतलं. साहेब मोबाईलवर बोलत होते, मी काय सांगितलं त्यांना कळलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलंय सगळं वहीत लिहायचं, आहे तसं. ती पोरगी रोज औषधं न्यायला माझ्याकडं येते, त्यामुळं मला ह्यातलं थोडं थोडं ऐकायला मिळतं.

परवा आली ती जरा गोंधळलेली. म्हणाली, काका, एका मावशींना फोन केला, का येत नाही म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या डॉक्टरांचं काय न्हाई गं, डॉक्टर देवमाणूस हाय, पण ती बाहेर बसलेली पोरगी लई तुसड्यागत बोलती, तिच्या तोंडाला लागायला नको म्हणून येत न्हाई. "आता काका हे मी वहीत लिहू का?"

मी म्हटलं, लिही की.